‘प्यायलाय वाटतं’ म्हणण्याआधीची पंधरा मिनिटं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं एखादं प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याला आकार देणारा कारखाना. पहिली पाळी, सकाळचे साडेदहा. पॉवर प्रेसवरचा माणूस बारा वर्षांचा मुरलेला, पण आज त्याने पत्रा दोनदा उलटा लावला. हाक मारली की ओ द्यायला वेळ लागतोय. पंख्याखाली बसूनही शर्ट भिजलाय. शेजारच्याने ‘काय झालं?’ विचारलं तर त्याच्यावरच खेकसला आणि उठताना झोक गेला. शेजारी डोळा मारतो : ‘काल जास्त झाली वाटतं!’ सुपरवायझरच्या कानावर हे जातं आणि तो दोनांतली एक गोष्ट करतो. एकतर न पाहिल्यासारखं करतो, नाहीतर गेटपास हातात देऊन घरी धाडतो.

आता याच प्रसंगात एक माहिती घाला. नवरात्र चालू आहे, माणसाचा नऊ दिवसांचा उपास आहे, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र त्याने रोजच्यासारखी सकाळी घेतली आहे. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते, पोटात अन्न असो वा नसो. रक्तातली साखर 100 मिलिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरली की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, म्हणून घाम आणि थरथर. 54 च्या खाली मेंदूचीच उपासमार सुरू होते, म्हणून जड जीभ, चिडचिड, तोल जाणं. बाहेरून पाहणाऱ्याला हे आणि दारू यांत फरक करता येत नाही. त्याला मोटारसायकलवर बसवून गेटबाहेर काढणं म्हणजे मिरज रस्त्यावर अपघात पाठवून देणं.

कामगार भानावर नसल्यासारखा वाटला तर मालकाने मध्ये पडावं का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो, आणि लगेच’ असंच आहे. गोंधळ होतो तो मध्ये पडून नेमकं काय करायचं यात. बहुतेकांना वाटतं की आधी कारण ठरवावं लागेल. ते ठरवणं सुपरवायझरचं काम नाही, त्याला ते जमणारही नाही. त्याने एवढंच ठरवायचं की हा माणूस या क्षणी हे मशीन सुरक्षितपणे चालवू शकतो का. या प्रश्नाला डॉक्टर लागत नाही. पत्रा दोनदा उलटा लागला, तिथेच उत्तर मिळालं.

कायदाही याच बाजूचा आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 7अ ने कामगारांचं आरोग्य आणि सुरक्षितता सांभाळण्याची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे ज्याच्या हाती कारखान्याचा अंतिम ताबा त्याच्यावर, टाकली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. दुसरी बाब लहान कारखानदारांना सहसा माहीत नसते. ‘पिऊन होता, मग भरपाई कसली?’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात नशेमुळे झालेल्या अपघाताला सूट आहे खरी, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती सूट मिळत नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. म्हणजे ईएसआय (राज्य कामगार विमा) लागू नसलेल्या ठिकाणी, दिसत असूनही कामावर राहू दिलेला माणूस दगावला तर नशेचं कारण पुढे करून मालकाची सुटका होत नाही.

साखर कमी होणं हे एकच सोंग नव्हे. या भागात दारूसारखी दिसणारी आणखी बरीच कारणं आहेत, आणि त्यातली काही शहरातल्या डॉक्टरलाही चटकन सुचणार नाहीत.

पलूस-किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत क्युपोला (कोकवर लोखंड वितळवणारी) भट्टी असेल तर तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. डोकं दुखणं, चक्कर, अडखळत बोलणं. इथे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि पडद्यावर 98 दिसतं. त्या आकड्यावर विसंबून माणसाला परत भट्टीवर पाठवू नये. मोकळ्या हवेत आणावं आणि दवाखान्यात ‘भट्टीचा धूर’ असं स्पष्ट सांगावं. पेंट शॉपमधला थिनर तर थेट मेंदूवर चढतो. बंद खोलीत तासभर फवारणी केलेला माणूस शब्दशः झिंगलेला असतो. उन्हाळ्यात भट्टीपाशी उष्माघाताने बरळणाऱ्याचं तापमान 40 अंशांच्या वर असतं. त्याला आधी पाणी ओतून, वारा घालून थंड करायचं, मग हलवायचं.

आता शेत. इथल्या निम्म्या कामगारांचं एक पाऊल बांधावर असतं. सकाळी द्राक्षबागेत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक मारून दुपारपाळीला आलेल्या माणसाला घाम, लाळ, स्नायूंची फडफड सुरू झाली आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर ती विषबाधा. कपडे काढून साबणाने अंग धुवायचं आणि 108 ला फोन. तासगाव, कवठेमहांकाळकडे ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याची गंमत वेगळी. हे रसायन दारू पचवणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम बंद पाडतं. ते अंगावर आलेल्या माणसाने संध्याकाळी एकच पेग घेतला तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. दारू थोडी, परिणाम मोठा. अशा वेळी ‘एवढीशी घेऊन नाटकं करतोय’ हे निदान जिवावर बेतू शकतं.

आणि मण्यार. बत्तीस शिराळ्याच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा दुखतही नाही आणि खूण सापडत नाही. पोटात दुखतंय म्हणत माणूस पहाटपाळीला येतो. मग पापण्या जड होतात, उघडल्या तरी परत मिटतात, जीभ जड पडते, गिळता येत नाही. बघणारा म्हणतो, झोकून आलाय. पुढची पायरी श्वासाचे स्नायू बंद पडणं ही आहे. पापण्या उचलता येत नसतील तर वास घेत बसू नये, प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठावं.

वासावरून ठरवायचं तर त्यातही खोट आहे. मधुमेह फार बिघडलेल्या माणसाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा अॅसिटोनचा वास येतो, आणि तो हमखास दारूचा समजला जातो.

मग ब्रेथ अॅनालायझर घ्यावा का? घ्यावा, पण बघून. चांगल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलचं प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अॅसिटिक आम्ल होतं आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉन्सचा प्रवाह मोजला जातो. अॅसिटोनला तो दाद देत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी यंत्रं बहुधा सेमीकंडक्टरवाली असतात. ती अॅसिटोनलाही भुलतात, थिनरच्या वाफेलाही. माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध नुकतं घेतलं असेल तर फ्युएल सेलही चुकतो, म्हणून चूळ भरायला लावून 15 मिनिटं थांबायचं आणि दोन वाचनं घ्यायची. एककाचा घोळ तर रोजचा. वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. काही यंत्रं हेच 0.03 टक्के म्हणून दाखवतात, काही श्वासातलं 0.14 मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणून. रजिस्टरमध्ये नुसतं ‘0.14’ लिहून ठेवलं तर महिन्याने चौकशीत कुणालाच त्याचा अर्थ लागत नाही. आणि ही मर्यादा रस्त्याची आहे. साधारण 1400 अंशांच्या वितळलेल्या लोखंडाचं भांडं, म्हणजे लॅडल, नेणाऱ्या क्रेनवर ती शून्यच ठेवावी.

‘रात्रीची उतरली असेल’ हा हिशोब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्के अल्कोहोल धरलं तर ते वजनाने सुमारे 61 ग्रॅम. 65 किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते 100 मिलिलिटरमागे अंदाजे 135 ते 140 मिलिग्रॅमपर्यंत जातं. यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी त्यात काडीचा फरक पडत नाही. रात्री 10 ला सुरुवात केली तर सकाळी 7 च्या पाळीला एक क्वार्टर जेमतेम उतरलेली असते. दीड झाली असेल तर रक्तात अजून 70 च्या आसपास आहे, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. गटारीच्या दुसऱ्या दिवशी हजेरी पूर्ण असली तरी शिफ्ट इनचार्जने खूश होऊ नये ते यासाठी.

गटारीनंतरचा श्रावण मात्र उलटा धोका आणतो. रोज पिणारा माणूस एकदम बंद करतो. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरू लागतात, 48 तासांच्या आत झटका येऊ शकतो आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम. याच्या तोंडाला वास नाही, यंत्रावर शून्य, तरीही तो लेथवर उभा राहण्याच्या लायक नाही. श्रावण पाळतोय म्हणून त्याचं कौतुक जरूर करा, पण आधी डॉक्टरकडे न्या.

लघवीतल्या अमली पदार्थांच्या चाचणीचं फार मनावर घेऊ नये. गांजाचे अंश नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे दिसतात. ती चाचणी मागे कधी घेतला ते सांगते, आत्ता नशेत आहे का ते नाही. खसखशीची खीर खाल्लेल्याचीही अफूची चाचणी काही वेळा होकारार्थी येते.

दारू, गोळी, विष काहीच नसतानाही माणूस भानावर नसतो, आणि याला कुठलं यंत्र नाही. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्याइतका सुस्त चालतो आणि 24 तासांनी जवळपास 100 असल्यासारखा, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं. आपल्याकडे शेतीपंपाला ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असते, त्या आठवड्यात उसाला पाणी दाखवून पहिल्या पाळीला आलेली माणसं मोजा. फोर्कलिफ्ट ताशी 10 किलोमीटरने जात असेल तर तीन सेकंदांच्या डुलकीत ती आठ मीटर पुढे गेलेली असते. ‘किती वाजता झोपलात?’ एवढं विचारण्याचा रिवाज पाडला तरी पुष्कळ कळतं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. एकट्याने जाऊ नका, दुसरा साक्षीदार घ्या, शक्यतो युनियनचा. सगळ्यांसमोर आवाज चढवायचा नाही. ‘आण्णा, मशीन बंद करा, जरा माझ्याबरोबर ऑफिसात चला,’ एवढंच. मशीन दुसऱ्याने लगेच हाती घ्यायचं नाही. आधी शेवटचे तुकडे आणि गार्ड तपासायचा. माणसाला बसवा, एकटं सोडू नका. हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य म्हणायला सांगा. तोंड वाकडं किंवा एक हात खाली येत असेल तर तो पक्षाघात. तो शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. सकाळी गाडीवरून पडून डोक्याला मार लागला होता का, हेही विचारा.

मग बोटातून साखर. 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात. साखर उपासालाही चालते, त्यामुळे वाद नको. 15 मिनिटांनी परत मोजा, गरज पडली तर परत द्या. ग्लुकोमीटर नसेल तरी शुद्धीतल्या मधुमेहीला साखर द्या. कमी असेल तर वाचतो, जास्त असेल तर तेवढ्याने बिघडत नाही. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. साखर जागेवर आल्यावरही मेंदू पुरता सावरायला पाऊण तास जातो, आणि ग्लिमेपिराइडवाल्याची साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी प्रेस नाहीच.

कामगारांत एकमेकांना सांभाळून घेण्याची पद्धत आहे, चांगलीही आहे. पण ‘झोपू दे त्याला वाळूच्या ढिगामागं’ हे सांभाळणं नव्हे. उताणा झोपलेला प्यायलेला माणूस उलटीने गुदमरतो. कुशीवर वळवा, आणि हलवून उठत नसेल तर 108.

हे सगळं निवळून, यंत्राने दारूच दाखवली तर? शिस्तीची कारवाई होऊ शकते. कामावर नशेत असणं स्थायी आदेशांत (कारखान्याच्या सेवानियमांत) गैरवर्तनच आहे. पण ती दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना. चाचणीला नकार दिला तर जबरदस्ती नाही. नकाराची नोंद करायची आणि त्या पाळीपुरतं काम द्यायचं नाही. हा नियम आधीच लेखी लावलेला हवा, कंत्राटी कामगारापासून मॅनेजरपर्यंत एकच. रजिस्टरमध्ये ‘दारू पिऊन आला’ असं लिहू नका. ‘10:35, चालताना दोनदा भिंतीचा आधार, नाव सांगताना अडखळला, तोंडाला वास, रक्तातली साखर 104’ असं लिहा. चौकशीत टिकतं ते हेच. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्याला वेगळी समज द्या. व्यसन सोडायचं असेल त्याला 14446 हा क्रमांक मोफत आहे, मनाच्या त्रासासाठी 14416.

घरी पाठवताना गाडीची चावी पाकिटात घालून ऑफिसात ठेवा, घरच्यांना फोन करा, त्यांच्या हाती सोपवा आणि वेळ लिहा. आणि पहिल्या मदतीच्या पेटीत ग्लुकोमीटर असेल तर आजच त्याच्या पट्ट्यांची डबी उघडून तारीख बघा. भट्टीजवळच्या उष्णतेत आणि झाकण नीट न लावलेल्या डबीत त्या तारखेच्याही आधी खराब होतात.