पार्श्वभूमी : ग्रॅनोला बार आणि ‘गोळीबंद’चा घोळ

ग्रॅनोला हे नाव एका वादातून आले. न्यूयॉर्क राज्यातल्या एका आरोग्यधामात १८६३ साली गव्हाच्या जाडसर पिठाचे तुकडे दोनदा भाजून जो पदार्थ केला, तो ‘ग्रॅन्युला’. रात्रभर भिजवल्याशिवाय तो चावतच नसे. पुढे दुसऱ्या आरोग्यधामाने तसलाच पदार्थ त्याच नावाने काढला, वाद झाला आणि एक स्वर बदलून ‘ग्रॅनोला’ झाले. ओट्स आणि मधाचा आजचा प्रकार १९६०च्या दशकातला. त्याची वडी बाजारात आली १९७०च्या दशकात.

गोव्यात ओट्स आले ते बऱ्याच उशिरा, पण भाजलेले धान्य गुळाने बांधायची रीत जुनी. नाताळातला पिनाग म्हणजे भाजून भरडलेले उकडे तांदूळ, खोबरे आणि माडाचे गोड (नारळाच्या झाडाच्या रसाचा गूळ); मऊ, बोटभर लांबीचा. जत्रेतले खाजे याच्या अगदी उलट. तिथे बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आल्याच्या गुळाचा पाक असा बसतो की दाताखाली कडकन मोडतो. घरचा बार या दोहोंच्या मधे कुठेतरी बसायला हवा, आणि बहुतेक घरांत तो नेमका तिथेच फसतो.

फसण्याचे मूळ ‘गोळीबंद’ या शब्दात आहे. लाडू वळणाऱ्यांचा गोळीबंद पाक म्हणजे थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकल्यावर बोटांत मऊ गोळी होते तो, साधारण ११५ अंश सेल्सिअसचा. चिक्की करणारे त्याच शब्दाने वेगळेच काहीतरी सांगतात : गोळी वाटीवर आपटली की टण्‌ वाजली पाहिजे. तो पाक १४५च्या पुढचा. तीस अंशांचा फरक आणि नाव एकच! साखरेच्या पाकात ११५ अंशांना १५ टक्क्यांच्या आसपास पाणी उरते, १५०ला जेमतेम एक टक्का. पाककृतीत नुसते ‘गोळीबंद’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. बारला ११८ ते १२० हवे. गोळी पाण्याबाहेर आकार धरून राहते, अंगठ्याने दाबली की चपटी होते, पण वाजत नाही. थर्मामीटर असला तरी मोठ्या कढईत १५० ग्रॅम गुळाचा थर इतका पातळ पसरतो की टोक बुडतच नाही आणि आकडा कमी दाखवतो. लहान, जाड बुडाचे पातेले घ्यावे.

प्रमाण असे : मोठ्या पाकळीचे ओट्स २०० ग्रॅम, काजूचे तुकडे १००, तीळ ५०, सुके खोबरे ५०; बांधायला गूळ १५०, तूप ३०, मध २०, चिमूटभर मीठ. म्हणजे कोरडे दोन भाग, चिकट एक. ओट्स १५० अंशांवर १५ मिनिटे भाजावेत. कच्चे राहिले तर बार खडूसारखा लागतो. झटपट शिजणारे ओट्स दाबताना पिठूळ होतात. गूळ तीन चमचे पाण्यात विरघळवून गाळावा. सोडा घालू नये, पाक जाळीदार होऊन वडी ठिसूळ होते.

माडाचे गोड वापरावे का, यावर इथे दोन तट आहेत. चवीत त्याला तोड नाही. धुरकट, किंचित खारट. पण ते ओल फार लवकर धरते, आणि जून ते सप्टेंबरच्या हवेत उघडा ठेवलेला बार सकाळपर्यंत चिकट होतो. शिवाय रेंदेर (माडावर चढून रस काढणारे) कमी झाले, त्यामुळे अस्सल माल महाग आणि भेसळीची शंका कायमची. सगळे माडाचेच गोड घालण्यापेक्षा १०० ग्रॅम उसाचा गूळ आणि ५० ग्रॅम गोड हा तोडगा बरा. पावसाळ्यात मध वगळावा. तोही पाणी ओढतो.

काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले हे सर्वांना ठाऊक. अलीकडची भर म्हणजे २०२३ साली गोव्याच्या काजूला मिळालेले भौगोलिक मानांकन. बाहेरचा स्वस्त माल गोव्याचा म्हणून खपवला जाई, हे त्यामागचे कारण. बारसाठी सालासकट भाजलेला काजू घेतल्यास साल चोळून काढावी, नाहीतर पाकात तुरटपणा उतरतो. त्याच वर्षी भरडधान्य वर्षाच्या निमित्ताने नाचणीचे पोहे बारमध्ये शिरले. ते पातळ असतात, जोरात दाबले की चुरा होतो. त्यांच्यासाठी निम्म्याहून जास्त ओट्स काढू नयेत.

मिश्रण गरम असतानाच २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये, तूप लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीने जोर लावून दाबावे. सुटणाऱ्या बारचे कारण बहुधा हलका हात असतो. वीस मिनिटांनी, कोमट असताना कापावे. पूर्ण गार झाल्यावर सुरी फिरवली तर कडा तुटतात. मग एकेक वडी बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात.