राखीव शब्द आणि चलांची नावे

प्रोग्रामिंग भाषा काही शब्द स्वतःच्या व्याकरणासाठी ठेवून घेते. हे राखीव शब्द चलाला, म्हणजे प्रोग्राममध्ये मूल्य साठवणाऱ्या व्हेरिएबलला, नाव म्हणून देता येत नाहीत. ‘इफ’, ‘व्हाइल’, ‘रिटर्न’ हे त्यांतले नेहमीचे. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाण आवृत्तीत असे ३२ शब्द आहेत. जावाने ‘गोटू’ राखून ठेवला, पण त्याला काही कामच दिलेले नाही.

फोर्ट्रान या जुन्या भाषेत राखीव शब्द नाहीत. तिथे नावाच्या पहिल्या अक्षराला मात्र अर्थ असे: चलातल्या मूल्याचा प्रकार सांगितला नसेल, तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारे चल पूर्णांक धरले जाते. म्हणजे रोमन लिपीत ‘किंमत’ असे नाव दिले की रुपये उरतात, पैसे गळून पडतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० संगणक आला, तो काळ याच फोर्ट्रानचा.

मराठी मुले आजही रोमन लिपीत मराठी नावे देतात आणि नेमकी तिथेच अडतात. रिक्षाच्या भाड्यासाठी ‘ऑटो’ घेतले तर सी भाषा ते नाकारते. ‘चार’ रोमन अक्षरांत लिहिला की सी आणि जावामधल्या अक्षर-प्रकाराचा राखीव शब्द होतो. लिफ्टच्या प्रोग्राममध्ये ‘खाली’ चालते, पण ‘वर’ जावास्क्रिप्टच्या राखीव शब्दाशी तंतोतंत जुळतो. शिवाय ‘वेळ’ आणि ‘वेल’ रोमनमध्ये एकच दिसतात. माझ्या मते हे नुकसान अधिक मोठे, कारण संगणक त्याबद्दल तक्रार करत नाही.

देवनागरीत हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत. पायथॉन ३ (२००८) आणि जावास्क्रिप्ट दोन्ही ‘वर’, ‘वेळ’, ‘मासिक_पास’ ही नावे जशीच्या तशी स्वीकारतात. मध्ये मोकळी जागा नको आणि सुरुवातीला अंक नको, मग तो देवनागरी का असेना. ‘गुण१’ चालते, ‘१गुण’ नाही. शिकणाऱ्याने मराठी नावे संकोच न करता वापरावीत.

काळजी घ्यायची ती ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांत. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो आणि एका प्रकारात न दिसणारे जोडचिन्ह असते. ते आले की पायथॉन चूक दाखवतो. जावास्क्रिप्टमध्ये ते खपते, पण पडद्यावर सारखी दिसणारी ती दोन नावे तिथे दोन वेगळी चले ठरतात.