कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल, मग हाडं का झिजली?

हाडांची तब्येत कळावी म्हणून अनेक जण रक्तातलं कॅल्शियम तपासून घेतात. पण तो आकडा जागेवर राहावा म्हणून शरीर वेळप्रसंगी हाडंच खर्ची घालतं.

प्रौढ शरीरात साधारण 1 किलो कॅल्शियम असतं, त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात मात्र डेसिलिटरमागे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅमच. त्यातलंही जवळपास निम्मं प्रामुख्याने अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं. नसा-स्नायूंच्या कामी येतं ते उरलेलं मोकळं कॅल्शियम.

त्यावर पहारा असतो थायरॉइडच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचा. पातळी जराशी घसरली की त्या लगेच पीटीएच हे संप्रेरक सोडतात. गंमत अशी की पीटीएचचा निरोप हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना थेट जात नाही. तो जातो हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टना, आणि त्या रँक-एल नावाचं प्रथिन वापरून पोखरणाऱ्यांना कामाला लावतात. म्हणजे गवंड्यानेच पाडकामवाल्यांना बोलवायचं! पीटीएच सतत चढं राहिलं तर हाड झिजतं. पण त्याचाच तुकडा असलेलं टेरिपॅराटाइड हे औषध रोज 20 मायक्रोग्रॅम टोचलं, तर हाड भरतं. फरक फक्त मात्रा येऊन ओसरण्याचा.

मूत्रपिंडात पीटीएच कॅल्शियम वाचवतं आणि फॉस्फेट बाहेर टाकतं, नाहीतर हाडातून सुटलेलं फॉस्फेट कॅल्शियमला पुन्हा बांधून टाकेल. तिथेच ड जीवनसत्त्वाचं कॅल्सिट्रायॉल हे सक्रिय रूप तयार होतं. त्याच्याविना आतडं आहारातलं जेमतेम 10-15 टक्के कॅल्शियम शोषतं. ते पुरेसं असेल तर 30-40 टक्के. म्हणून ‘ड’ कमी असलेल्याचं कॅल्शियम 9 दिसतं, पीटीएच मात्र वाढलेलं. तूट हाडं भरून काढत असतात.

कॅल्शियम उतरवणारं कॅल्सिटोनिन हे संप्रेरक पाठ्यपुस्तकात पीटीएचच्या तोडीस तोड दाखवतात. माणसात त्याचं वजन फारसं नाही: थायरॉइड काढून ते बनवणाऱ्या पेशी गेल्या तरी कॅल्शियम चढत नाही.

त्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइडना धक्का लागला तर मात्र एक-दोन दिवसांत ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. अशा वेळी कॅल्शियम देऊनही पातळी वर येईना, तर मॅग्नेशियम तपासावं. ते फार कमी असेल तर शाबूत ग्रंथीही पीटीएच सोडत नाहीत, आणि मॅग्नेशियम भरून काढेपर्यंत दिलेलं कॅल्शियम टिकत नाही.