डिजिटल वॉकीटॉक्यांचा अबोला

'सगळं डिजिटल झालं की कुठलाही वॉकीटॉकी कुठल्याही वॉकीटॉकीशी बोलेल,' हे दांडिया बाजारात परवा कानावर पडलं आणि राहवेना. प्रकार नेमका उलटा आहे. बडोदा स्टेशनावरून गाडी सुटताना लोको पायलट आणि गार्ड (आता 'ट्रेन मॅनेजर') यांचं खरखरतं बोलणं वर्षानुवर्षं साध्या एफएमवर चालत आलंय. तिथे वारंवारता जुळली की झालं, सेट कोणत्याही कंपनीचा असो.

अमेरिकेत एका कंपनीचं इंजिन सर्रास दुसरीच्या रुळांवर धावतं. 2013 पासून तिथे 25 किलोहर्ट्झच्या वाहिन्या 12.5 वर आणणं सक्तीचं झालं. मग डिजिटलसाठी सगळ्यांनी मिळून एकच मानक ठरवणं आलंच. रेल्वेकंपन्यांच्या संघटनेने आयकॉम आणि केनवुड यांचं एनएक्सडीएन निवडलं. बाजारात तोडीस तोड डीएमआर हे दुसरं डिजिटल मानक होतंच.

गंमत अशी की दोन्हींत आवाज दाबायची युक्ती एकच आहे. टेलिफोनचा डिजिटल आवाज सेकंदाला 64,000 बिट खातो. इथला व्होकोडर, म्हणजे आवाज दाबणारा भाग, आवाज पाठवतच नाही. दर 20 मिलिसेकंदांनी तो स्वराची पट्टी, कुठल्या भागात घोष (कंठातली थरथर) आणि कुठे नुसता फुसकारा, आणि प्रत्येक भागाचा जोर एवढंच टिपतो. सेकंदाला 2450 बिटांत काम भागतं, चुका दुरुस्त करायला आणखी 1150. पलीकडचा सेट या टिपणावरून आवाज नव्याने घडवतो. मग अडतं कुठे? एनएक्सडीएन 6.25 किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्टीत सलग बोलतं, सेकंदाला 2400 चिन्हं. डीएमआर 12.5 ची पट्टी घेऊन वेळेचे तुकडे पाडतं: 30 मिलिसेकंद एकाचे, पुढचे 30 दुसऱ्याचे, वेग 4800 चिन्हं. प्रत्येक तुकड्यात 60 मिलिसेकंदांचं बोलणं कोंबलेलं असतं, म्हणून ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही. चिन्ह म्हणजे वारंवारता चारपैकी एका ठरलेल्या अंतराने सरकवणं, म्हणजे दोन बिट. हा ठेका आणि ही अंतरं चुकली की समोरच्या सेटला सगळं नुसतं गुरगुरणं.

डभोईच्या 762 मिलिमीटर नॅरोगेजवरचा माल 1676 च्या ब्रॉडगेजवर न्यायचा तर गोणी उतरवून पुन्हा चढवाव्या लागत, तसं काम इथे दोन मानकांना जोडणारं यंत्र, म्हणजे गेटवे, करतो. व्होकोडर एकच असल्याने एनएक्सडीएन-डीएमआरमध्ये गोणी उसवावी लागत नाही. अमेरिकी पोलिसांच्या पी-25 या मानकाच्या जुन्या पद्धतीत व्होकोडर वेगळा आहे. तिथे आवाज सोडवून पुन्हा बांधावा लागतो, आणि तो थोडा बिघडतोच.

'डिजिटल म्हणजे कुणी ऐकू शकत नाही' हीसुद्धा जाहिरातीतली थाप. एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशाला कुलूप, वेगळं बसवावं लागतं.

आपल्याकडे 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यातले 5 मेगाहर्ट्झ एलटीईसाठी (4जी मोबाईलचं तंत्र) दिले. एकमेकांना कळण्याचा प्रश्न 'कवच' या गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेतही आहे. तिची यंत्रं अनेक कंपन्या बनवतात, तेव्हा एकीचं यंत्र बसवलेलं इंजिन दुसरीच्या टापूत शिरल्यावर संदेश कळायलाच हवा. तिथे गेटवे शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून संदेशातल्या बिटांची मांडणी आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेच्या तपशिलात आधीच बांधून दिलेली असते.