क्लच ड्रॅग : जुन्या मोटारसायकलीतील दोष व त्याचे निदान

क्लचचा लिव्हर पूर्ण दाबल्यावरही इंजिनाची फिरती शक्ती थोड्याफार प्रमाणात गिअरबॉक्सकडे जात राहणे, या दोषाला क्लच ड्रॅग म्हणतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये लिव्हर दाबून उभी केली तरी पुढे रेटू पाहते आणि ब्रेक धरला की इंजिन बंद पडते. पहिला गिअर खाडकन पडतो. इंजिन चालू असताना न्यूट्रल लागता लागत नाही, इंजिन बंद केले की मात्र सहज लागतो. ही शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे. याच्या उलटचा दोष म्हणजे क्लच स्लिप : त्यात ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. दोन्हींची गल्लत करून ड्रॅगवर उपाय म्हणून कडक स्प्रिंगा बसवल्या जातात आणि दोष आणखी वाढतो.

जुन्या मोटारसायकलींत बहुधा मल्टिप्लेट क्लच असतो. बाहेरच्या बास्केटच्या खाचांत अडकणाऱ्या फ्रिक्शन प्लेटा आणि आतल्या हबवर बसणाऱ्या स्टील प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात व स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर दाबला की केबल, रिलीज आर्म आणि पुशरॉड (प्लेट ढकलणारी बारीक दांडी) यांच्यामार्फत प्रेशर प्लेट उचलली जाते. ही उचल फार तर दोनेक मिमी असते. पाच फ्रिक्शन प्लेटा धरल्या तर घासणाऱ्या जागा दहा होतात, म्हणजे प्रत्येक फटीच्या वाट्याला सरासरी ०.२ मिमी येतात. ड्रॅगची जवळजवळ सगळी कारणे या हिशेबात बसतात : एक तर उचल कुठेतरी वाया जाते, नाही तर वाकलेल्या, चिकटलेल्या किंवा अडकलेल्या प्लेटांना आहे त्यापेक्षा जास्त उचल लागते.

कव्हर उघडण्याआधी दोष खरोखर क्लचचाच आहे याची खात्री करावी. इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये ठेवावे, लिव्हर दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग पहिला गिअर टाकावा. थांबल्यावर गिअर शांतपणे पडला तर प्लेटा सुट्या होत आहेत, त्यांना स्थिरावायला केवळ वेळ हवा होता. थांबूनही खडखडाट झाला तर ड्रॅग आहे. मधल्या स्टँडवर मागचे चाक लिव्हर दाबलेला असताना हळूहळू फिरणे मात्र दोष नव्हे. ओल्या, म्हणजे ऑइलात फिरणाऱ्या क्लचमध्ये प्लेटांमधले ऑइल तेवढी ओढ देतेच. मागचा ब्रेक हलकेच दाबल्यावर चाक थांबले आणि इंजिनावर ताण आला नाही, तर काळजीचे कारण नाही. आयडलिंग (ॲक्सिलरेटर न पिळता इंजिनाचा वेग) फार चढे असेल तर चांगला क्लचही गिअर टाकताना कुरकुरतो, म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू आधी पाहावा. थंड इंजिनात दाट ऑइलामुळे होणारी ओढ गरम झाल्यावर जात असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे ताजे ऑइल भरून पाहणे पुरते.

उचल वाया जाण्याची पहिली जागा म्हणजे केबल. लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिमी मोकळा प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची ढिली हालचाल, असावा. त्याहून जास्त असेल तेवढी हालचाल फुकट जाते. प्ले बरोबर असूनही दोष राहिला तर लिव्हर दाबताना केबलचे बाहेरचे आवरण पाहावे. ते वळणावर ताठ होऊन सरकत असेल, आतून दबलेले असेल किंवा तारेचे धागे तुटू लागले असतील, तर केबल बदलावी. लिव्हरच्या खिळीचे भोक घासून लांबट झाले असेल तर तिथेही एखादा मिमी जातो. बदललेला लिव्हर हे एक दुर्लक्षित कारण आहे. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या गाड्यांसाठी खिळीपासून निपलपर्यंत (केबलच्या टोकाच्या गोळीपर्यंत) सुमारे २२ मिमी आणि सुमारे २७ मिमी अशी दोन अंतरे असलेले लिव्हर मिळतात. दिसायला ते सारखेच असतात. २२ मिमीचा लिव्हर हाताला हलका लागतो, पण केबल कमी खेचतो. मूळ गाडी २७ च्या हिशेबाने बनलेली असेल तर उचल साधारण पाचव्या हिश्श्याने घटते.

त्यानंतर पुशरॉड. त्याची जुळणी नेहमी केबल पूर्ण ढिली सोडून करावी, कारण ताणलेल्या केबलवर केलेली जुळणी फसवी असते. चेकनट (स्क्रू जागी पक्का धरणारा नट) सैल करून ॲडजस्टरचा स्क्रू पुशरॉडला टेकेपर्यंत आत घ्यावा, मॅन्युअलप्रमाणे पाव ते अर्धा फेरा मागे सोडावा, चेकनट घट्ट करावा आणि मगच केबलचा प्ले ठेवावा. हा फेरा न सोडता गाडी चालवली तर पुशरॉडचे टोक सतत घासून तापते, निळे पडते, त्याचा कडकपणा जातो आणि ते झिजून आखूड होते. दर काही दिवसांनी जुळणी करावी लागत असेल तर पुशरॉड बाहेर काढून टोक पाहावे. दोन तुकड्यांच्या पुशरॉडमध्ये मधली स्टीलची गोळी हरवलेली असणेही शक्य असते.

एवढे झाल्यावर कव्हर काढावे. लिव्हर दाबून किक हळू फिरवली की प्रेशर प्लेट सरळ फिरते की डोलते हे डोळ्यांनाही कळते. स्वतंत्र नटांनी दाबलेल्या स्प्रिंगा असतील तर जिथे प्लेट कमी उचलली जाते तिथला नट थोडा सैल करून ती समपातळीत आणावी. डोलणारी प्लेट एका बाजूला कितीही उचलली गेली तरी दुसऱ्या बाजूला चिकटून राहते. नट गरजेपेक्षा घट्ट आवळले तर स्प्रिंगांची वेटोळी एकमेकींना टेकतात आणि उचलच अडते. जादा प्लेट घालून क्लच ‘दणकट’ करण्याच्या प्रयोगांतही बहुधा हेच होते. स्प्रिंगा लांबीने सारख्या नसतील तर संपूर्ण संच बदलावा.

जुन्या गाडीत वारंवार सापडणारे पण क्वचितच तपासले जाणारे कारण बास्केटमध्ये असते. फ्रिक्शन प्लेटांचे कान (कडेची पुढे आलेली टोके) वर्षानुवर्षे बास्केटच्या बोटांवर, म्हणजे खाचांमधल्या पट्ट्यांवर, आदळून त्यांत पायऱ्या पाडतात. लिव्हर दाबल्यावर प्लेटा बाहेर सरकायला हव्यात, त्या या पायऱ्यांत अडकून बसतात. नख फिरवले तरी पायरी हाताला लागते. उथळ पायऱ्या बारीक कानशीने सर्व बोटांवर सारख्या घासता येतात, पण घासल्यावर कानांना जास्त जागा मिळते आणि खटखट वाढते. खोल पायऱ्यांना नवी बास्केट हाच उपाय. हबच्या खाचाही त्याच नजरेने पाहाव्यात. नव्या प्लेटा झिजलेल्या बास्केटमध्ये बसवून दोष जाण्याची वाट पाहणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

स्टील प्लेटा सपाट काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवून पाहाव्यात. मान्य वाक मॉडेलप्रमाणे बदलतो, पण ०.२ मिमीचा वाकदेखील एका फटीचा संपूर्ण वाटा खाऊन टाकतो. निळे डाग असलेली प्लेट तापलेली असते, तिच्याकडे आधी संशयाने पाहावे. बास्केट हाताने धरून हलवल्यावर डुगडुगत असेल तर मधला नट सैल आहे किंवा बेअरिंग झिजले आहे.

बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेटा जुन्या ऑइलाच्या चिकट थराने जुळून बसतात. इग्निशन बंद ठेवून, लिव्हर दाबून किक मारत राहिल्यास त्या बहुधा सुटतात. न सुटल्यास काढून धुवाव्यात. कोरड्या वा जवळपास कोरड्या क्लचमध्ये नको तिथे आलेले ऑइलच अडचण करते. नॉर्टन कमांडोमध्ये गिअरबॉक्समधले ऑइल पुशरॉडच्या बाजूने प्लेटांपर्यंत पोचते आणि एकाच क्लचला ड्रॅग आणि स्लिप दोन्ही लावते. तिथे पुशरॉडला सील बसवल्याशिवाय प्लेटा धुण्याचा उपयोग टिकत नाही.

ड्रॅग असलेली गाडी तशीच चालवत राहिल्यास गिअरच्या दातांच्या कडा गोल होतात आणि सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारे काटे) झिजतात. मग गिअर आपोआप सुटू लागतात. ओल्या क्लचच्या नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवाव्यात आणि त्या काही शे किलोमीटर चालून बसल्यावर पुशरॉड व केबलची जुळणी पुन्हा एकदा करावी.