ज्युनिअर म्युझियम

ज्युनिअर म्युझियम : मुलांसाठीचे निसर्ग व विज्ञान संग्रहालय आणि त्याच आवारातला छोटा प्राणिसंग्रह, अशी जोडसंस्था. ‘कनिष्ठ संग्रहालय’ हा शब्दशः प्रतिशब्द होईल, पण ‘कनिष्ठ’ म्हटले की मराठी कानाला आधी हुद्दा ऐकू येतो. आणि ‘बालसंग्रहालय’ म्हटले तर बाहुल्यांची कपाटे डोळ्यांपुढे येतात. म्हणून येथे मूळ नावच ठेवले आहे. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला. त्याची दाट वस्ती कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी आहे. बहुतेक संस्था प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली नोंदलेल्या, नफा न वाटणाऱ्या सार्वजनिक संस्था असतात. जागा नगरपालिकेची किंवा कौंटीची (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), आणि प्राणी, नोकरवर्ग व देणग्या गोळा करण्याचे काम संस्थेचे, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी दिसते.

उगम : मुलांसाठी वेगळे काढलेले पहिले संग्रहालय म्हणून ब्रुकलिन चिल्ड्रन्स म्युझियमचे नाव सर्वत्र दिले जाते. ब्रुकलिन इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेने ते १६ डिसेंबर १८९९ रोजी बेडफर्ड पार्कमधल्या (पुढे ब्रोअर पार्क) एका जुन्या घरात उघडले. कल्पना त्या संस्थेचे अभिरक्षक विल्यम हेन्री गुडइयर यांची मानली जाते. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या संग्रहालयात पाहिलेल्या मांडणीवरून त्यांना ती सुचली, असे सांगतात. मात्र संग्रहालयाला वळण लावले ते अ‍ॅना बिलिंग्स गॅलप यांनी. १९०२ साली त्या तेथे आल्या, दोन वर्षांत प्रमुख अभिरक्षक झाल्या आणि १९३७ पर्यंत त्या पदावर राहिल्या. वस्तू मुलांच्या हाती द्यायच्या, ही त्यांची शिस्त. काचेआडच्या वस्तूंकडे बोट दाखवून शिकवण्याच्या त्या काळात ती शिस्तभंगासारखीच होती.

जिवंत प्राण्यांच्या बाबतीत मात्र दुसरा एक दावेदार पुढे येतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशनने आपल्या मूळ इमारतीत १९०१ साली ‘चिल्ड्रन्स रूम’ उघडली. संस्थेचे सचिव सॅम्युअल पिअरपाँट लँगली हे खगोलशास्त्रज्ञ. उडत्या यंत्रांच्या प्रयोगांमुळे ते अधिक परिचित आहेत. या खोलीचे मानद अभिरक्षकपद त्यांनी स्वतःकडेच घेतले. कपाटे मुलांच्या उंचीला येतील इतकी बुटकी, चिठ्ठ्यांवर लॅटिन नावे नाहीत, आणि ‘ज्ञानाचा आरंभ नवलातून होतो’ अशा अर्थाचे वाक्य भिंतीवर. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तेथे माशांच्या टाक्या होत्या आणि पिंजऱ्यांत गाणारे पक्षी होते. खोली मोठ्या संग्रहालयाचाच एक कोपरा असल्याने तिला स्वतंत्र संस्था म्हणता येत नाही. तरी पेंढा भरलेल्या पक्ष्याशेजारी जिवंत पक्षी ठेवण्याची चाल तेव्हाच रुळू लागली होती, एवढे त्यावरून दिसते.

यातून निघणारा मुख्य वाद असा : ज्युनिअर म्युझियममधला प्राणिसंग्रह हा शहरी प्राणिसंग्रहालयाचे छोटे रूप आहे, की शाळेच्या वर्गातल्या निसर्गाभ्यासाची वाढ आहे? पहिल्या मताचे लोक १९३८ या सालाकडे बोट दाखवतात. लंडनच्या आणि फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांनी मुलांसाठीचे स्वतंत्र विभाग त्याच वर्षी उघडले. एक युरोपातला पहिला, दुसरा उत्तर अमेरिकेतला पहिला, असा मान दिला जातो. कुरवाळायला शेळ्या, ससे, कोंबड्या हा साचा तेथून सर्वदूर गेला. दुसरे मत अमेरिकेतल्या निसर्गाभ्यास चळवळीशी नाते जोडते. निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासीझ यांनी १८७३ साली पेनिकीझ बेटावर शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरवली. ‘पुस्तके नकोत, निसर्ग वाचा’ हे त्यांचे सांगणे कॉर्नेल विद्यापीठातल्या लिबर्टी हाइड बेली आणि अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी पुढे खेड्यांतल्या शाळांपर्यंत नेले. शिक्षिकेने मेजावर बरणीत ठेवलेला सुरवंट, मुलाने खिशातून आणलेला बेडूक, हे या मताप्रमाणे मूळ.

दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. एक तर स्मिथसोनियनची खोली १९३८ च्या कितीतरी आधीची. शिवाय या संस्थांतले प्राणी बहुधा स्थानिक असतात. सिंह, जिराफ येथे नसतात. परिसरातला कोल्हा, रॅकून, घुबड, साप असतात. प्राणिसंग्रहालयाची नक्कल करायची असती, तर आधी माकड आणले असते. अर्थात १९६० नंतर बांधलेल्या कुंपणांवर आणि पक्षिविहारांवर प्राणिसंग्रहालयांची छाप उघड आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

नाव : ‘ज्युनिअर’ हा शब्द दोन अर्थांनी चालला. एक, मोठ्या संग्रहालयाचा मुलांसाठीचा विभाग. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९४१ साली उघडलेले ज्युनिअर म्युझियम हे कलेचे होते, तेथे प्राण्यांचा प्रश्नच नव्हता. दोन, स्वतंत्र निसर्ग-विज्ञान संस्था. कॅलिफोर्नियात हा दुसरा अर्थ रूढ झाला. १९८० नंतर मात्र संस्था हे नाव एकेक करून टाकून देऊ लागल्या. सॅन मटेओ कौंटीच्या ज्युनिअर म्युझियमचे प्रथम कायोटी पॉइंट म्युझियम झाले आणि २०११ साली ‘क्युरिओडिसी’ झाले. कुतूहल आणि दीर्घ प्रवास यांच्या इंग्रजी शब्दांचा हा सांधा; उच्चार करताना पाहुणे अडखळतात.

प्रसार : दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास हा प्रकार गावोगाव पोचला. त्याचे श्रेय मोठ्या अंशी जॉन रिप्ली फोर्ब्स (१९१३–२००६) यांना दिले जाते. लहानपणी कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड येथे त्यांना विल्यम हॉर्नडे यांचा शेजार लाभला. अमेरिकी गव्याला नामशेष होण्यापासून वाचवण्याच्या प्रयत्नांतले हॉर्नडे हे मोठे नाव. पुढे फोर्ब्स यांनी त्यांच्या स्मरणार्थ प्रतिष्ठान काढले आणि त्यातून ज्युनिअर म्युझियमे उभारण्याचा सपाटा लावला. नॅशव्हिल, कॅन्सस सिटी, सॅक्रामेंटो ही त्यांतली काही नावे. त्यांची पद्धत ठरीव होती : गावातल्या चार उत्साही लोकांची समिती बनवायची, एखादी रिकामी इमारत मिळवायची, संग्रह सुरू करून द्यायचा आणि पुढच्या गावाला निघायचे.

सॅन फ्रान्सिस्को उपसागर : येथल्या संस्थांच्या पहिल्या जागा पाहण्यासारख्या आहेत. पालो अल्टोचे ज्युनिअर म्युझियम जोसेफीन ओहारा यांच्या पुढाकाराने १९३४ साली एका प्राथमिक शाळेच्या तळघरात सुरू झाले. १९४१ साली त्याला स्वतःची इमारत मिळाली. प्राणिसंग्रह जोडला गेला १९६९ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी, आणि वर दिलेल्या पहिल्या मताला हे उदाहरण सोयीचे आहे. नवी वास्तू २०२१ साली खुली झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे संग्रहालय १९३७ साली ओशन अ‍ॅव्हेन्यूवरच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत भरले. १९५१ साली ते कोरोना हाइट्स टेकडीवर हलले. शहराच्या करमणूक खात्याच्या प्रमुख जोसेफीन रँडल यांचे नाव आता त्याला आहे. (दोन्हीकडे जोसेफीनच, त्यामुळे काही ठिकाणी घोटाळा झालेला आढळतो.) वॉलनट क्रीक येथे १९५५ साली अलेक्झांडर लिंडसे यांनी सुरू केलेली संस्था प्रथम ‘डायब्लो ज्युनिअर म्युझियम’ या नावाशी जोडलेली होती. जखमी रानप्राण्यांच्या उपचाराचा रीतसर कार्यक्रम तिने १९७० साली सुरू केला. असा तो देशातला पहिलाच, असे संस्था मानते. सॅन मटेओच्या संस्थेचा आरंभ १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. १९८१ साली ती उपसागराकाठच्या कौंटी उद्यानात सध्याच्या इमारतीत आली. पाणमांजर, बॉबकॅट (आखूड शेपटीचे अमेरिकी रानमांजर) आणि आत शिरून फिरता येईल असा पक्षिविहार ही तिची ओळख.

अन्यत्र : नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम येथील म्युझियम ऑफ लाइफ अँड सायन्सचा आरंभ १९४६ सालचा. आकाराने ते आता ‘लघु’ राहिलेले नाही. तांबड्या लांडग्याच्या प्रजनन कार्यक्रमात ते सहभागी आहे. १९८० साली ही जात रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते, आणि १९८७ पासून त्याच राज्याच्या किनारपट्टीत पाळीव कळपातले लांडगे पुन्हा सोडण्यात आले.

प्राणी व त्यांचा दर्जा : येथले पुष्कळसे प्राणी ‘परत सोडता न येणारे’ या वर्गातले असतात. त्याची कारणे मुख्यतः दोन. पहिले, शारीरिक. पंखाचे हाड सांध्याजवळ मोडले की जुळते, पण सांधा आखडतो. पंख पुरता उघडत नाही आणि शिकारी पक्ष्याची शिकार संपते. दुसरे, वर्तनविषयक. पिल्लू डोळे उघडण्याच्या नाजूक काळात माणसाच्या हातून भरवले गेले, तर ते माणसालाच स्वजातीय समजते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंट्स यांच्या हंसपिल्लांवरील निरीक्षणांमुळे हे मुद्रण (मनावर कायमचा ठसा उमटणे, इंग्रजीत ‘इम्प्रिंटिंग’) सर्वपरिचित झाले. असे घुबड रानात सोडले, तर अन्न मागायला माणसाच्या अंगणात उतरते. जोडीदारही ते माणसांत शोधते.

मात्र प्रत्येक जखमी पक्षी ठेवून घेता येतो, हा गैरसमज आहे. स्थलांतरी पक्ष्यांविषयीच्या १९१८ च्या कायद्याखालील नियम कडक आहेत. पक्षी पूर्ण आंधळा असेल, स्वतः खाऊ शकत नसेल, सरळ बसू शकत नसेल किंवा त्याचा पाय वा कोपरापासूनचा पंख कापावा लागणार असेल, तर उपचारकाने त्याला वेदनारहित मरण द्यावे, असा सामान्य नियम आहे. सोनेरी गरुडाला १९६२ पासून वेगळे संरक्षण आहे, त्याच्यासाठी निराळा परवाना. सस्तन प्राणी प्रदर्शित करणाऱ्यांवर १९७० च्या दुरुस्तीपासून प्राणिकल्याण कायद्याची, म्हणजे कृषी खात्याची, तपासणी असते. वर प्राणिसंग्रहालय संघटनेची मान्यता हवी असल्यास ती दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावी लागते. ज्या संस्थेत एकूण शंभराच्या आतबाहेर प्राणी, तिला हा कागदव्यवहार हत्ती ठेवणाऱ्यांइतकाच पडतो.

वर्गासमोर पक्षी आणण्याची रीत ठरलेली असते. लाल शेपटीचा बाज जाड चामडी मोज्यावर बसवून आणतात. पायांतल्या चामडी पट्ट्या सांभाळणाऱ्याच्या बोटांत अडकवलेल्या असतात. मुले जमिनीवर बसतात, पक्षी त्यांच्या डोक्यांच्या वर राहतो. खाली धरला तर तो बिथरतो. उजवा पंख उघडतो, डावा अर्ध्यावर थांबतो. पुढचा प्रश्न मुलेच विचारतात.

प्राणी उसने देणे : हा या संस्थांचा सर्वांत चमत्कारिक उपक्रम. वाचनालयातून पुस्तक न्यावे तसा मुलाने सभासदपत्र दाखवून प्राणी घरी न्यायचा. सॅक्रामेंटो आणि वॉलनट क्रीक येथे तो विशेष गाजला. उंदीर, हॅमस्टर, गिनीपिग, ससा, असा एखादा जीव पिंजरा आणि खाण्यासह साधारण आठवडाभरासाठी मिळे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हाताळणीला आळा बसला तो आरोग्याच्या कारणाने. पाळीव कासवांपासून मुलांना साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होतो असे दिसल्यावर, चार इंचांहून (सुमारे १० सेंमी.) कमी लांबीच्या पाठीची कासवे विकण्यावर अमेरिकेत १९७५ साली बंदी आली. चार इंच हे माप लहान मुलाच्या तोंडात मावण्यावरून ठरले, असा खुलासा सामान्यतः दिला जातो. तेव्हापासून संग्रहालयात कासवाला हात लावल्यावर हात धुण्याचे बेसिन प्रदर्शनाइतकेच महत्त्वाचे झाले.

विज्ञानमांडणी : प्रयोगवस्तूंचा भाग उशिरा आला आणि तो बराचसा उसना आहे. बॉस्टनच्या चिल्ड्रन्स म्युझियममध्ये (स्थापना १९१३) १९६२ पासून मायकेल स्पॉक यांनी, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरिअममध्ये १९६९ पासून फ्रँक ओपेनहायमर यांनी हाताळून पाहण्याची मांडणी रूढ केली. वाळूवर नक्षी काढणारा लंबक, हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू या गोष्टी तेथून सगळीकडे गेल्या. तरंगत्या चेंडूखालच्या पाटीवर बहुधा बेर्नुली यांचे नाव, म्हणजे वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो हे तत्त्व, असते. खरे तर झोत तिरपा केला तरी चेंडू पडत नाही, याचे स्पष्टीकरण झोत चेंडूच्या पाठीला चिकटून वळतो (कोआंडा परिणाम) आणि चेंडूला उलट दिशेने ओढतो, असे देणे अधिक नेमके आहे.

भारत : नेमका हा प्रकार येथे रुजला नाही. सर्वांत जवळचे उदाहरण दिल्लीच्या राष्ट्रीय बालभवनाचे (१९५६) : विज्ञान विभाग, छोटी रेल्वे आणि लघु प्राणिसंग्रह एकाच आवारात. पण ती सरकारी अर्थसाहाय्यावरची स्वायत्त संस्था आहे. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राचे विज्ञान उद्यान १९७९ साली आणि मुख्य इमारत १९८५ साली खुली झाली. भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाच्या (१९७३) आवारात शाळा आहे आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे प्राण्यांचे अनाथालयही आहे. या जवळिकीमुळे त्याची या प्रकाराशी तुलना करण्याचा मोह होतो. तथापि त्याचा उगम माडिया गोंडांच्या शिकारीत अनाथ झालेल्या पिल्लांना सांभाळण्यातला आहे, निसर्गाभ्यासाच्या तासातला नाही.