शैवाकातल्या शैवालांची उशिरा झालेली मोजदाद

दगडावर किंवा झाडाच्या सालीवर वाढणारं शैवाक म्हणजे एकच जीव नसून बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे, असं सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली मांडलं. विल्यम न्युलँडरसारख्या नामवंत शैवाकतज्ज्ञाने ते अखेरपर्यंत मान्य केलं नाही. श्वेंडेनरच्या मांडणीत बुरशी मालक होती आणि शैवालं तिची गुलाम. ही भाषा पुढे मागे पडली, तरी शैवालाचं दुय्यमपण टिकलं. आजही शैवाकाचं शास्त्रीय नाव नियमाने बुरशीचंच असतं. त्यामुळे अशा बुरशींच्या हजारो जातींची नोंद झाली, आतल्या शैवालांकडे मात्र फारच कमी लोक वळले.

त्याला कारणही होतं. शैवाकात शिरलेलं शैवाल बहुधा साध्या हिरव्या गोल पेशींच्या रूपात दिसतं. सर्वांत जास्त आढळणाऱ्या ट्रेबूक्सिया या प्रजातीला १९२४ मध्ये नाव मिळालं, पण तिच्यातल्या जाती ओळखायच्या तर पेशी वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत वाढवून, हरितलवकाचा आकार तपासावा लागे. वाढ अतिशय मंद. हे काम चिकाटीने करणाऱ्यांचं ऋण मोठं आहे.

१९९०च्या दशकात डीएनए-क्रम वाचणं सोपं झालं आणि चित्र पालटलं. एकाच जातीची बुरशी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी शैवालं बाळगते. उलट, दूरच्या नात्याच्या बुरशी एकच शैवाल वापरतात. यामागे प्रजननाची रीत आहे. शैवाकाचा तुकडा गळून रुजला तर जोडी तशीच पुढे जाते, पण बुरशीचं बीजाणू एकटंच उडतं आणि त्याला जोडीदार नव्याने शोधावा लागतो. त्या भागातल्या हवामानाला सरावलेलं शैवाल मिळणं हा बुरशीचा मोठाच फायदा, असं मला वाटतं.

२०२० मधल्या एका व्यापक अभ्यासात ट्रेबूक्सियाच्या जातीपातळीवरच्या शंभराहून अधिक शाखा आढळल्या. रीतसर वर्णन झालेल्या जाती तेव्हा जेमतेम ३०च्या घरात होत्या. रामालिना फॅरिनेशिया या शैवाकाच्या एकाच देहात दोन प्रकारची ट्रेबूक्सिया एकत्र नांदतात, हे २०११ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. त्यांपैकी ‘टीआर९’ या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या शैवालाला जातीचं नाव मिळालं थेट २०२२ मध्ये: ट्रेबूक्सिया लिने, सहजीवनाच्या अभ्यासक लिन मार्ग्युलिस यांच्या सन्मानार्थ.